दातांत धरलेला आवाज

शकू पोटात होती तेव्हा प्रेमलताला पहिल्यांदा वाटलं, की घरातली माणसं पुटपुटायला लागली आहेत. सासूबाई स्वयंपाकघरातून काही सांगत, तर शब्दांची टोकं तेवढी पोचत. दिनानाथ वाडीतून हाक मारी, ती वाऱ्यावर विरून गेल्यासारखी वाटे. बाळंतपणातून उठली तोवर डावा कान गेला होता, आणि शकू रांगायला लागली त्या वर्षी उजवाही. लेक रडते आहे हे तिला लेकीच्या तोंडाकडे बघून कळायला लागलं.

बोळिंजला, नंदाखालच्या हद्दीला लागून त्यांची वाडी होती. केळी, पानवेली, मधोमध विहीर आणि विहिरीवर रहाट. दिनानाथ काही अबोल माणूस नव्हता. लग्नानंतरची पहिली काही वर्षं संध्याकाळी ओट्यावर बसून तो बायकोला वाडीतल्या साऱ्या गोष्टी सांगायचा. पण ऐकू न येणाऱ्या बायकोशी काय बोलायचं आणि कसं, हे त्याला जमेना. शेवटी त्याने एक दगडी पाटी आणली. पाटीवर माणूस कामापुरतंच लिहितो. ‘आज गडी जेवायला आहेत.’ ‘विरारला जातो.’ हळूहळू दोघांत तेवढंच बोलणं उरलं.

कुंपणापलीकडे सिप्रियन सुताराचं घर होतं. त्याची मुलगी इझाबेल मॅट्रिक झाली तेव्हा तिला पुढे सायन्सला जायचं होतं, आणि त्याच्या नातलगांनी एकच गिल्ला केला होता. पोरीला नर्स करा, नाही तर लग्न लावून द्या. त्या वेळी प्रेमलता नवी नवरी होती, कान शाबूत होते. ती कुंपणातल्या वाटेने सरळ सिप्रियनच्या अंगणात गेली आणि म्हणाली, “काका, माझ्या बापाने मला सातवीनंतर घरी बसवलं. पोरीला बसवू नका. ती सकाळी लवकर निघेल तेव्हा तिचा डबा मी करीन.” आणि तिने खरंच तो केला. इझाबेल बी.एस्सी. होईपर्यंत, शकूच्या वेळी प्रेमलताचे दिवस भरत आले होते तो महिना सोडला तर, कधी भाकरी, कधी घावन, कुंपणावरून हातात मिळत असे. आता इझाबेल मुंबईच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होती. मुलांना प्रयोग मांडून देणं, उपकरणं सांभाळणं हे तिचं काम.

सन पन्नासच्या थंडीत एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती प्रेमलताकडे आली. घरात कोणी दिसेना म्हणून वाडीत गेली, तर रहाट चालू होता, बैल गोल फिरत होता, आणि प्रेमलता रहाटाच्या खांबाला कानशील टेकून डोळे मिटून उभी होती. इझाबेलने खांद्यावर हात ठेवला तशी ती दचकली आणि लाजली.

“काय करताय वहिनी?” इझाबेलने खुणेने विचारलं.

“वेडी म्हणशील,” प्रेमलता म्हणाली. ती फार हळू बोलायची. सासूबाईंना वाटे, ही मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलते. “लाकडाला डोकं लावलं की त्याची कुरकुर ऐकू येते मला. स्पष्ट येते. पहिल्यासारखी.”

इझाबेल तिच्याकडे बघतच राहिली. कॉलेजातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांना ऐकू येत नसे, आणि ते इतके ओरडून बोलत की खिडक्या हादरत. स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. ही बाई मात्र कुजबुजते. म्हणजे हिला स्वतःचा आवाज आतून व्यवस्थित ऐकू येत असला पाहिजे.

पुढच्या रविवारी तिने कॉलेजातून एक ट्यूनिंग फोर्क आणला. ठोकला की एकाच सुरात घुमत राहणारा पोलादी चिमटा. तो ठोकून तिने प्रेमलताच्या कानासमोर धरला. प्रेमलताने मान हलवली, काही नाही. मग इझाबेलने तो पुन्हा ठोकला आणि त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला.

प्रेमलताचा चेहरा बदलला. तिने इझाबेलचं मनगट घट्ट धरून ठेवलं, चिमटा गप्प होईपर्यंत सोडलं नाही. “परत कर,” ती म्हणाली.

दिनानाथ तिला मुंबईला डॉक्टरांकडे घेऊन गेला. सोबत इझाबेलही होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की कानाच्या आत आवाज पुढे पोचवणारं एक इवलंसं हाड असतं, ते हिचं जाम झालं आहे. बाळंतपणात असं होतं कधी कधी. नस चांगली आहे. हाडाला लावून ऐकायचं यंत्र परदेशात मिळतं, पण आयात बंद आहे. नाव सांगून ठेवा, कधी येईल ते सांगता येत नाही.

परतण्याआधी दिनानाथने नाव सांगून ठेवलं. इझाबेलच्या डोक्यात मात्र काही वेगळंच चाललं होतं.

आठवड्याभराने ती एक काचेची बरणी आणि कागदाच्या पुड्या घेऊन आली. एका पुडीत क्रीम ऑफ टार्टार नावाची आंबट पांढरी पूड, ती प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या औषधवाल्याकडून आणलेली. दुसरीत धुण्याचा सोडा. तिसऱ्या पुडीत कापसात गुंडाळलेला एक पारदर्शक खडा होता, सुपारीएवढा, सगळ्या बाजूंनी तासल्यासारख्या सपाट कडांचा. कॉलेजात तिने स्वतः वाढवलेला.

खड्याकडे बोट दाखवून पाटीवर तिने लिहिलं, ‘हे रोशेल मीठ.’

प्रेमलताने मीठ म्हटल्यावर सवयीने बोट लावून जिभेवर घेतलं.

‘जुलाबाच्या औषधात घालतात,’ इझाबेलने खाली लिहिलं. दोघी खूप हसल्या.

मग इझाबेलने स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून अंधार केला. खड्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना तिने चहाच्या खोक्यातला चंदेरी पत्रा चिकटवला होता, आणि त्या दोन पत्र्यांना एका लहानशा निऑन दिव्याच्या तारा जोडल्या होत्या. ना बॅटरी, ना दुसरं काही. तिने प्रेमलताच्या हातात लाटणं दिलं आणि खड्यावर ठोकायची खूण केली.

प्रेमलताने जपूनच ठोकलं. दिव्यात नारिंगी ठिणगी चमकली आणि गेली. तिने पुन्हा ठोकलं, पुन्हा चमकली.

“ह्यात वीज भरून ठेवली आहे?”

इझाबेलने दार उघडलं आणि पाटी घेतली. पुसून पुसून ती बराच वेळ लिहीत राहिली. भरून ठेवलेली नाही. या खड्यातून वीज वाहतसुद्धा नाही, काचेतून वाहत नाही तशी. पण प्रत्येक वस्तूत असतात तसे ह्यातही धन वीज असलेले कण आहेत आणि ऋण वीज असलेले कण आहेत. ते आपापल्या जागी बांधलेले आहेत, सुटून जाऊ शकत नाहीत. खडा दाबला की धन कण जरासे एकीकडे सरकतात आणि ऋण जरासे दुसरीकडे. आतल्या आत सगळं एकमेकांना फेडून टाकतं, पण कडेला फेडणारं कोणी उरत नाही. म्हणून एका बाजूच्या पृष्ठावर धन वीज उघडी पडते, समोरच्या पृष्ठावर ऋण. तीच आपण तारेने दिव्यात नेली.

“आणि दाब सोडला की?”

‘परत जागेवर.’

प्रेमलता खडा उलटसुलट करून बघत राहिली.

‘याच्या उलटंही होतं,’ इझाबेलने लिहिलं. ‘पृष्ठावर आपण वीज दिली तर खडा स्वतःच हलतो. वाकतो.’

प्रेमलताने दोन्ही पत्र्यांवरून बोट फिरवलं. मग ती सावकाश म्हणाली, “म्हणजे कोणी ह्याच्याजवळ बोललं, तर तो हलणार. हलला की वीज. ती वीज दुसऱ्या खड्याला दिली, तर तो हलणार. आणि तो जर माझ्या हाडाला लावला...”

इझाबेलने पाटी बाजूला ठेवली आणि जोरजोरात होकाराची मान हलवली.

मधे आवाज मोठा करायला काही तरी हवं होतं, ते घरातच होतं. गावात वीज आलेली नव्हती, पण दिनानाथने बॅटरीवर चालणारा रेडिओ घेतला होता, आणि त्याच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं होती. एका खड्याची तार तिथे आत जायची, दुसऱ्या खड्याची रेडिओच्या पोटातून बाहेर यायची. रेडिओ उघडायचा म्हटल्यावर दिनानाथचा जीव खालीवर झाला, पण त्याने नको म्हटलं नाही.

खरं काम खडे वाढवण्याचं होतं. कॉलेजातला खडा लहान पडत होता. इझाबेल सकाळी जायची ती संध्याकाळी यायची, त्यामुळे ते प्रेमलताकडे आलं. गरम पाण्यात टार्टार घालायचं, त्यात सोडा चिमूट चिमूट टाकायचा, फसफस थांबली की थांबायचं. फडक्यातून गाळायचं. तळाशी बारीक खडे धरतात, त्यातला एक निर्मळ बघून केसाला बांधायचा आणि बरणीत अधांतरी सोडायचा. केस प्रेमलताचाच. मग बरणीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि ऊनथंडीचा फरकही कळू द्यायचा नाही, नाहीतर खडा दुधाळ होतो. प्रेमलताने बरणी भाताच्या तुसाने भरलेल्या पेटीत बसवली, वरून गोधडी घातली आणि पेटी माजघरात ठेवली. सासूबाई रुक्मिणीबाई येता-जाता पेटीकडे बघत आणि इझाबेलला विचारत, “अंडी उबवायला ठेवली आहेत काय गं बाय?”

पहिला खडा दुधाळ झाला. दुसरा केसावरून सुटून बुडाला. तिसरा मात्र असा वाढला, की प्रेमलता दिवसातून दहा वेळा गोधडी उचलून बघायची आणि मग आपल्या हाताची ऊब लागेल म्हणून घाईघाईने झाकायची. मुठीएवढा झाला तेव्हा इझाबेलने तो बाहेर काढला. पलीकडे ठेवलेल्या पाटीवरची अक्षरं त्यातून वाचता येत होती.

कापायला करवत चालत नाही, तडकतो. ओल्या दोऱ्याने कापायचा. दोरा मागेपुढे ओढत राहायचं, पाण्याने मीठ विरघळत जातं आणि दोरा आत उतरतो. दोघी समोरासमोर बसून दुपारभर दोरा ओढत होत्या. पातळ चकत्या निघाल्या, त्यांना पत्रा लावला, तारा जोडल्या. दिव्याला लावून बघितलं. काही नाही. रेडिओला लावून बघितलं. काही नाही.

इझाबेलने खड्याचा उरलेला तुकडा हातात घेतला, कडा मोजल्या, आणि खालीच बसली. खडा कसाही कापून चालत नाही. कण ज्या अंगाने सरकतात ते अंग धरून, त्याला तिरकी चकती घ्यावी लागते. भलत्या बाजूने कापली तर कितीही दाबा, पृष्ठावर काहीच उघडं पडत नाही. तिने लांबीची बाजू धरायची ती रुंदीची धरली होती. सगळं माहीत असून. तिचे डोळे भरून आले.

प्रेमलताला कारण कळलं नव्हतं, पण चेहरा कळला. तिने पाटी मागितली नाही. “चकती गेली, खडा करायचं गेलं नाही,” ती म्हणाली. “पाणी अजून आहे, केस माझ्या डोक्यावर पुष्कळ आहेत. दूध घे आधी.”

पुढचा खडा तयार व्हायला फाल्गुन उजाडला. या वेळी इझाबेलने कापण्याआधी तीनदा खुणा केल्या. एका चकतीवर तिने कागदाचा पडदा बसवून बोलण्यासाठीची डबी केली. दुसऱ्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवल्या, म्हणजे वीज मिळाली की एक लांबते, दुसरी आखडते आणि जोडी वाकते. त्या जोडीचं एक टोक सिप्रियनने करून दिलेल्या लाकडी ठोकळ्यात पक्कं केलं आणि दुसऱ्या टोकाला बांबूची गुळगुळीत काडी बसवली. काडी दातांत धरायची. दातांची हाडं, जबड्याची हाडं, तिथून आत.

रविवार होता. दिनानाथने रेडिओ लावून तापू दिला. प्रेमलता पाटावर बसली, काडी दातांत धरली. इझाबेलने दिनानाथकडे डबी दिली. त्याने ती हातात घेतली, तोंडाजवळ नेली, आणि एवढ्या वर्षांनी काय बोलावं ते न सुचून आईच्या हातात दिली.

रुक्मिणीबाईंनी डबीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग डबीत तोंड घालून, घसा साफ करून म्हणाल्या, “आमटीत हिंग कमी घाल. कधीची सांगत्येय.”

प्रेमलताच्या तोंडातून काडी पडली. “हिंग कमी?” ती म्हणाली. “हिंग जास्त होतो? मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“बोलले की! तुला कुठे ऐकू येत होतं!” सासूबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. प्रेमलताने घाईघाईने काडी उचलून पुन्हा दातांत धरली, पण आता डबीत नुसतं हसणंच येत होतं. ते तिने सगळं ऐकलं.

मग डबी शकूपुढे धरली. शकू साडेतीन वर्षांची होती. बाकी सगळ्यांशी ती अखंड बोले, पण आईशी बोलायचं नसतं हे ती पाळण्यात असल्यापासून शिकली होती. आईला हाक मारायची म्हणजे पदर ओढायचा. पाणी म्हणजे अंगठा तोंडाला. भूक म्हणजे पोटावर थाप. तिने डबीकडे बघितलं आणि आईकडे बघून हात हलवले, काय आहे हे, अशी खूण केली.

“बोल की,” दिनानाथ म्हणाला. “आईशी बोल.”

शकूने बापाकडे अशा नजरेने बघितलं, की हा काहीतरीच सांगतो आहे. पुन्हा पोटावर थाप मारली.

“तोंडाने सांग बाळा,” इझाबेल म्हणाली. “आईला आता ऐकू येतं.”

“नाय येत,” शकू इझाबेलला समजावून सांगायला लागली. डबी तिच्या हनुवटीशीच होती. “आईला ऐकू नाय येत. आईचे कान झोपलेत. तिला असं असं कलायचं असतं. तू कल असं. मला भूक लागली ना, मग असं कलायचं...”

प्रेमलता हलली नाही. तिच्या मनात लेकीचा एक आवाज होता, तिने आपणच योजून ठेवलेला, बारीक, किनरा. हा तसा नव्हता. हा जाडसर होता, थोडा बसका, अगदी दिनानाथच्या बहिणीसारखा. ‘र’ तिला येत नव्हता, ‘कलायचं’ म्हणत होती. दातांतली काडी थरथरत होती, ती खड्यामुळे की ओठांमुळे ते कोणाला कळलं नसतं.

“तुला भूक लागली,” प्रेमलता काडीच्या बाजूने म्हणाली. “आणि माझे कान झोपलेत. कोणी सांगितलं गं तुला?”

शकूचे हात पोटावरच थांबले. ती डबीत बघायला लागली, मागे वळून बघायला लागली, मग अगदी हळू, चाचपून बघावं तसं म्हणाली, “आई?”

“ओ.”

“आई.”

“ओ, शकू.”

ती किती वेळा म्हणाली आणि किती वेळा ओ मिळाली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. भूक ती विसरून गेली.

शेवटी इझाबेल उठायला लागली तेव्हा प्रेमलताने तिला बसवलं. “तू नाही बोललीस. तुझा आवाज मी शेवटचा ऐकला तेव्हा तू कॉलेजात जात होतीस.”

इझाबेलने डबी घेतली. मघापासून ती तारा धरत होती, काडी पुसत होती, बोलत तर सगळ्यांशीच होती. आता तिने डबी तोंडाजवळ नेली. “वहिनी,” ती म्हणाली, “तुम्ही तेव्हा बाबांशी बोलला नसता, तर मी हे काही शिकले नसते. तुमची भाकरी खाऊन मी शिकले. ते कधी सांगायचं राहूनच गेलं. पाटीवर लिहायला लाज वाटायची.”

“वेडे,” प्रेमलता म्हणाली. “मला तेव्हा ऐकू येत होतं. बोलणं सोपं होतं. तू मात्र जे केलंस...” तिने काडी खाली ठेवली आणि इझाबेलचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले.

त्या उन्हाळ्यात घरातली माणसं रेडिओपाशी येऊन बसायला लागले. बॅटरी जपायची म्हणून संध्याकाळचाच वेळ ठरला. दिनानाथ हातपाय धुऊन आला की डबी घेऊन बसे आणि वाडीतल्या गोष्टी सांगे. कुठल्या केळीला लोंगर आला, कुठल्या वेलीची पानं पिकली, गडी काय म्हणाला. एकदा प्रेमलता त्याला थांबवून म्हणाली, “अहो, तुम्ही एवढं बोलता हे मी विसरलेच होते.” तो म्हणाला, “मीही.”

जूनमध्ये इझाबेलला कोल्हापूरच्या कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली. ती गेली, आणि श्रावणातल्या एका सकाळी प्रेमलताने ठोकळा उघडला तेव्हा चकत्या पाणी सुटून चिकट झाल्या होत्या, पत्रा निसटून एका बाजूला गेला होता. समुद्राकडून येणारी दमट हवा त्या मिठाने पिऊन घेतली होती. पृष्ठच राहिलं नाही तर वीज कशावर येणार? डबीतली चकतीही तशीच. घर पुन्हा गप्प झालं. शकू येऊन काडी आईच्या दातांना लावी, डबीत ‘आई, आई’ म्हणे, आणि मग पदर ओढी.

दोन दिवस प्रेमलता त्या चकत्या पुसत, वाळवत बसली. तिसऱ्या दिवशी तिने पाटी घेतली आणि दिनानाथपुढे धरली. यापूर्वी तिला पाटीवर लिहायची गरज कधी पडली नव्हती, लिहायचे ते इतर. पण आता तिला भीती होती, की बोलायला लागले तर रडू येईल. ‘टार्टार आणायला मुंबईला जाल का?’

दिनानाथ त्याच दिवशी गेला. भर पावसात खडा धरणार नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती भाद्रपद सरेपर्यंत थांबली. मग सगळं एकटीने केलं. फसफस थांबेपर्यंत सोडा, फडकं, केस, तूस, गोधडी. इझाबेलने काढलेल्या खुणा तिने मनात पक्क्या धरल्या होत्या, तरी कापण्याआधी एक लहान खडा तिने मुद्दाम तीन बाजूंनी कापला आणि प्रत्येक चकती निऑनच्या दिव्याला लावून ठोकून बघितली. एकीनेच दिवा चमकवला. तीच बाजू तिने धरली. चकत्या तयार झाल्यावर तिने त्या पातळ केलेल्या मेणात बुडवून काढल्या, म्हणजे हवा आत शिरायला नको. दोरा ओढायला समोर रुक्मिणीबाई बसल्या होत्या. “हिंग कमी घालते आहेस, म्हणून बसले,” त्या म्हणत होत्या. प्रेमलताला ते तेव्हा ऐकू आलं नाही. दिवाळीनंतर, नवी काडी दातांत धरली तेव्हा आलं.

नाताळात इझाबेल घरी आली. आल्या आल्या कुंपणातल्या वाटेने धावत आली, तर प्रेमलता तिला हात धरून नंदाखालच्या आळीत मटिल्डाकडे घेऊन गेली. मटिल्डा इझाबेलच्या वडिलांची मावशी, ऐंशीच्या पुढची, बरीच वर्षं ठार बहिरी. प्रेमलताने तिच्यासाठी वेगळी काडी करून ठेवली होती. रेडिओ दिनानाथने डोक्यावरून आणला. म्हातारीने काडी हिरड्यांत धरली, इझाबेल डबीत ओरडून ओरडून तिचं नाव घेत राहिली.

“गुदगुल्या होतात,” मटिल्डा म्हणाली आणि काडी काढून टाकली.

तिची नसच गेली होती. तिथे खड्याचा इलाज नव्हता. प्रेमलताला वाईट वाटलं, पण मटिल्डाला अजिबात नाही. तिला घरात एवढी माणसं आलेली बघून आनंद झाला होता. तिने सगळ्यांना नाताळची नेवरी, करंजीसारखी, खायला घातली आणि प्रेमलताच्या डोक्यावर हात ठेवून, आपल्याला ऐकू येत नाही हे विसरून, मोठमोठ्याने तिची चौकशी केली.

परत येताना इझाबेलने विचारलं, “तुम्ही सगळं एकटीने कसं केलंत?” रस्त्यात काडी-रेडिओ मांडता येत नव्हता, म्हणून तिने ते हातावर बोटाने लिहिलं.

“तू शिकवलंस तसं,” प्रेमलता म्हणाली. “आणि खडा काही मुद्दाम बिघडत नाही. आपण त्याला नीट बघितलं, तर तो आपलं काम करतो.”

सुट्टी संपली तेव्हा प्रेमलताने इझाबेलला कापसात गुंडाळून एक खडा दिला. त्या हंगामात वाढलेला सर्वांत मोठा, नारळाच्या अर्ध्या वाटीएवढा, मेणाचा हात दिलेला. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत तसा नव्हता. इझाबेलने तो प्रवासभर मांडीवर धरला.

जानेवारीत तिने तो वर्गात मेजावर ठेवला, खिडक्या लावायला सांगितल्या आणि एका विद्यार्थ्याला लाकडी हातोडी दिली. दिवा चमकला. वर्गात कुजबुज झाली. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, हा खडा कुठून मागवला, विलायतेहून का?

“नाही,” इझाबेल म्हणाली. “वसईकडचा आहे. आमच्या वहिनींनी केला.” आणि मग पुढचं शिकवायच्या आधी तिने खडूचा हात पुसला आणि त्या वहिनी कोण, हे मुलांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.